पावसाळ्यात कोलाजवरच्या वस्तू का गळून पडतात? गोंद बदलण्याआधी हे तपासा

जुलै लागला की दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. एका काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेला कॅनव्हास, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीत खुळखुळणारा ऐवज: शिंपले, किल्ल्या, आईच्या बांगड्या, बंद पडलेल्या घड्याळाचे काटे. "काका, दिवाळीत केलं तेव्हा दगडासारखं बसलं होतं हो." बसलेलं असणारच. दिवाळीत मुंबईची हवा कोरडी व्हायला लागते, तेव्हा काहीही बसतं.

दादरला माझं फ्रेमिंगचं छोटं दुकान आहे. घरातल्या आठवणीच्या वस्तू जमवून कॅनव्हासवर कोलाज करायची आवड हल्ली बऱ्याच जणांना लागली आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण सतरा पावसाळे मी त्याच गळलेल्या वस्तू पुन्हा चिकटवतोय आणि दर वेळी लोक गोंदाला शिव्या देतात. गोंदाचा दोष फार क्वचित निघतो. बहुतेक वेळा कुठून तरी पाणी आलेलं असतं, आणि ते कुठून आलं हे पडलेली वस्तूच सांगते. फक्त तिची पाठ बघायला हवी.

लक्षणं

यातली दोन-तीन एकदमच दिसतात:

- वस्तू अख्खी सुटून पडते, आणि पडते ती बरोबर रात्री. (दिवसा लोकलच्या आवाजात ऐकू येत नसावी.)
- सुकून पारदर्शक झालेला गोंद वस्तूच्या कडेने पुन्हा दुधाळ दिसायला लागतो.
- चिकटवलेल्या कागदाच्या कडा वर येतात, मध्ये फुगे येतात.
- कॅनव्हासला पोट सुटतं. मधोमध बोट दाबलं की कापड आत जातं आणि आतच राहतं.
- लोखंडी वस्तूभोवती तपकिरी डाग, पितळ-तांब्याभोवती हिरवट कड.
- वार्निश चिकचिकीत. बोट लावलं की ठसा उमटतो.
- भिंतीवरून काढल्यावर मागून कुबट वास, काळे-करडे ठिपके.

सगळ्यात आधी: हात आवरा

कॅनव्हास भिंतीवरून काढा आणि टेबलावर आडवा ठेवा. एक पडलं असेल तर शेजारचंही लटपटत असतं, उभं ठेवलं की तेही जातं. समोरून आणि मागून फोटो काढा. पडलेला तुकडा पाकिटात घाला, तो कुठला ते वर लिहा.

आणि फेविक्विक काढू नका. घाईघाईत त्याचा एक थेंब टाकून लोक पुन्हा टांगतात, मग तीन आठवड्यांनी माझ्याकडे येतात. तो थर वाळला की काचेसारखा ठिसूळ होतो. कॅनव्हासचं कापड हलतं, थर हलत नाही, आणि मग तडकतो. वर त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढुरकं धुकट चढतं, ते गडद रंगावर फार वाईट दिसतं. दुसरा गोंद लावायचा तर आधी हा थर खरवडावा लागतो, त्यात खालचा रंग निघतो. पाच सेकंदांचं काम दोन तासांवर जातं.

भिंत (फुकट)

तळहात भिंतीवर ठेवा. जिथे कॅनव्हास होता तिथे, आणि हातभर बाजूला. फरक लागतो का?

मुंबईत नैर्ऋत्येचा पाऊस इमारतीच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूला झोडपतो. त्या बाजूची बाहेरची भिंत जूनच्या अखेरीला पाणी पिऊन बसलेली असते. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये साधारण २२०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तुमचा कॅनव्हास त्याच भिंतीला पाठ लावून असतो. मधे हवा खेळत नाही, त्यामुळे मागचं कापड ओलच शोषत राहतं.

हाताला नक्की कळत नसेल तर जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्या आणि चारही कडा टेपने भिंतीला सीलबंद करा. एक दिवस तसाच राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमले तर भिंतीतूनच ओल येते आहे. बाहेरून, खोलीच्या बाजूला जमले तर खोलीतली हवाच दमट आहे: आत वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकाची वाफ, बंद खिडक्या. पहिल्या प्रकारात दुसरी भिंत शोधा. दुसऱ्यात पंखा चालू ठेवून भागतं. दोन्हीत कॅनव्हासच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाचे अर्धा इंचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा फिरेल. बुचाला पैसे पडत नाहीत आणि निम्म्या तक्रारी त्यानेच जातात. हे मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध सांगतोय.

पडलेल्या वस्तूची पाठ (फुकट, पण सगळ्यात महत्त्वाची)

इथे घाई करू नका. तुकडा उजेडात धरा आणि गोंद कुठे राहिला ते बघा.

*गोंद कॅनव्हासवरच राहिला, वस्तूची पाठ स्वच्छ.* नीट पाहिलं तर कॅनव्हासवरच्या गोंदाच्या सायीत वस्तूचा हुबेहूब ठसा दिसतो. नाण्याचा आकडासुद्धा उलटा वाचता येतो. म्हणजे गोंदाने कॅनव्हास धरला होता, वस्तू धरलीच नव्हती. गुळगुळीत धातू, काच, चकचकीत चिनी माती, प्लास्टिक यांच्या बाबतीत हेच होतं. पाठ खरवडलेली नव्हती, किंवा तिच्यावर हाताचं तेल होतं.

*दोन्हीकडे गोंद, मऊ आणि पांढरा.* पांढरा गोंद, म्हणजे ज्याला आपण सरसकट फेव्हिकॉल म्हणतो तो प्रकार, पाण्यातला असतो. त्यातलं पाणी उडून गेलं की तो घट्ट आणि पारदर्शक होतो. लाकूड, कागद, कापड हे पाणी शोषून बाहेर सोडतात, म्हणून तिथे त्याच्यासारखा गडी नाही. पण खाली प्रायमर (रंगाआधी कापडावर मारतात तो पांढरा अस्तराचा थर) लावलेला कॅनव्हास आणि वर पितळेची चकती असेल तर पाण्याने जायचं कुठून? फक्त कडेने. कडा सुकतात, दार बंद होतं, आतला गोंद महिनोन् महिने दह्यासारखा राहतो. सुकलेला असला तरी सततच्या दमट हवेत तो पुन्हा मऊ पडतो. एक बाई म्हणाल्या, "अख्खी बाटली रिकामी केली, तरी पडलं." अख्खी बाटली रिकामी केली म्हणूनच पडलं.

*गोंदाबरोबर रंगाचा पापुद्राही निघून आला.* गोंद उत्तम होता, खालचा रंग कच्चा होता. एकतर ओल्या रंगावर वस्तू चिकटवली, किंवा प्रायमर खडूसारखा भुसभुशीत आहे. परीक्षा सोपी आहे: सेलोटेपचा तुकडा कोपऱ्यात दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपला पांढरी भुकटी आली तर तिथे काहीही चिकटवा, पडणारच. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून पुन्हा प्रायमर मारावा लागतो.

*वस्तूच फुटली, किंवा पाठीवर गंज अथवा मिठाची भुकटी आहे.* याचं पुढे सांगतो.

वजन आणि कापड (स्वयंपाकघरातला काटा)

मागच्या वर्षी लालबागचे एक गृहस्थ आले होते. वडील गिरणीत. त्यांचा पितळी बिल्ला, पगाराची पाकिटं, दोन बॉबिन आणि मधोमध धोटा, असा सुंदर कॅनव्हास त्यांनी स्वतः केला होता. ज्यांनी कधी हातात घेतला नसेल त्यांच्यासाठी: धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं. काट्यावर ठेवला तर साडेतीनशे ग्रॅम भरला. तो तीन वेळा पडला होता आणि तिन्ही वेळा त्यांनी आधीपेक्षा महाग गोंद आणला होता.

मी कापडावर टिचकी मारली. ताणलेला कॅनव्हास ढोलकीसारखा वाजतो. हा उशीसारखा वाजला. दमट हवेत कापड ढिलं पडतं. त्यात एवढं वजन मधोमध, म्हणजे कापड खाली झुकतं आणि वस्तूची वरची कड कापडापासून उचलली जाते. गोंद एकदम तुटत नाही, वरच्या कडेपासून पापुद्र्यासारखा सोलत येतो. कडक गोंद जितका महाग, तितका असा सोलायला तयार. ते मऊ कापडाला कडक गोंद लावून भांडत होते.

चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतील तर हलक्या हातोडीने सगळ्या सारख्या आत ठोका, कापड ताणलं जाईल. पण हिवाळ्यात ते आपोआपही ताणतं, म्हणून पावसाळ्यात अगदी टणक करू नका. आमच्याकडचे बरेच तयार कॅनव्हास पाचरीशिवायच येतात. मग इलाज मागून आधार देण्याचा: चौकटीच्या आत, कापडाला टेकेल असा प्लायचा तुकडा. साध्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायपेक्षा बीडब्ल्यूपी (उकळतं पाणीही सोसणारा) घ्या, तो ओलीला जास्त टिकतो.

माझा ठोकताळा असा, पुस्तकात शोधू नका: पन्नास ग्रॅमपर्यंत गोंद पुरतो. त्याच्या वर मागून प्लाय. दीडशेच्या वर प्लाय तर हवाच, शिवाय तार. वस्तूला अडवेल अशा दोन ठिकाणी बारीक भोकं पाडायची, तांब्याची तार आरपार न्यायची आणि मागे पिळायची. टाका दिसतो. दिसू दे, रफू केलेल्या कपड्यासारखा तोही त्या कोलाजचाच भाग होतो.

वस्तू स्वतः: मीठ, गंज, तेल

मी स्वतः तोंडावर आपटलो तो इथे. पहिला कोलाज घरासाठी केला, अक्सा आणि गिरगाव चौपाटीवरून वेचलेल्या शिंपल्यांचा. धुतले, उन्हात वाळवले, चिकटवले. पहिल्याच पावसात शिंपल्यांना घाम फुटला, अक्षरशः थेंब, आणि खालचा निळा रंग ओघळला.

कारण आपल्या आईला पाठ होतं. पावसाळ्यात मिठाच्या डबीत ती तांदळाचे दाणे टाकायची. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ त्यातलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि मुंबईचा जुलै बहुतेक वेळ त्याच्या वरच असतो. शिंपला वरून धुतला तरी त्याच्या छिद्रांतलं मीठ तसंच राहतं. त्यामुळे समुद्राचं काहीही असो, लाकूड, शिंपला, झिजलेली काच, दोरखंड, ते गोड्या पाण्यात आठवडाभर ठेवा आणि पाणी रोज बदला. मग काळ्या कागदावर वाळवा. कागदावर पांढरी भुकटी दिसली तर पुन्हा बादलीत.

चोरबाजारातल्या किल्ल्या, खिळे, कुलपं यांचा त्रास वेगळा. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून गोंदाखाली तो फुगतो आणि वस्तूला आतून ढकलतो. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, पॉलिश पेपर फिरवा, स्पिरिटने पुसा आणि सगळीकडून, पाठीवरसुद्धा, लॅकरचा, म्हणजे धातूला हवा-पाणी लागू न देणाऱ्या पारदर्शक रोगणाचा, पातळ हात द्या. लोक दर्शनी बाजूला लावतात, पाठ कोरी सोडतात. गंज पाठीकडूनच सुरू होतो. पितळेलाही हेच. लॅकर पूर्ण वाळल्यावर चिकटवायची जागा पॉलिश पेपरने नुसती खरखरीत करायची, खालचा धातू उघडा पडू द्यायचा नाही.

तेलाचं थोडक्यात: यंत्राचे भाग, शिवणयंत्राची बॉबिन, सायकलच्या साखळीचा तुकडा, हे आधी रॉकेल किंवा थिनरने, मग साबणाच्या पाण्याने. खिडकी उघडी, गॅस बंद.

कागदाचे फुगे

कागद ओला झाला की पसरतो. कोरडा कागद ओल्या गोंदावर टाकला तर तो चिकटल्यावर पसरतो, आणि जागा नसल्यामुळे वर फुगतो. पुढच्या वेळी कागद आधी ओलसर फडक्याने दोन्हीकडून दमट करा, दोन-तीन मिनिटं पसरू द्या, मग चिकटवा आणि मधून कडेकडे जुन्या प्लास्टिक कार्डाने दाबत न्या. आलेल्या फुग्याला ब्लेडने बारीक चीर द्या, औषधाच्या दुकानातून सिरिंज आणून आत पातळ गोंद सोडा, वर बटर पेपर आणि टेलिफोन डिरेक्टरीच्या जाडीचं काहीतरी वजन.

बसची आणि स्टेशनवरच्या यंत्रातली तिकिटं पुष्कळदा उष्णतेने छापणाऱ्या कागदाची असतात. ती उजेडात उडून जातात आणि स्पिरिट लागलं की काळी पडतात. त्यांची लेझर झेरॉक्स काढून ती लावा. इंकजेटची प्रिंट पाण्याच्या गोंदाने ओघळते. जुनी पुठ्ठ्याची तिकिटं मात्र निर्धास्त लावा, पक्की असतात.

मैद्याची खळ वापरली असेल तर झुरळ आणि कसर जेवायला येणार हे धरून चाला. जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालायचे. तो विषारी आहे. लहान मुलांच्या घरात तो प्रयोग नको.

आता पुन्हा चिकटवणं

कारण सापडल्यावरच इथे या. जुना गोंद पूर्ण काढा, दोन्हीकडचा. वस्तूची पाठ पॉलिश पेपरने खरखरीत करा, स्पिरिटने पुसा, आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका.

कागद, कापड, हलकं लाकूड: पांढरा गोंद किंवा ॲक्रिलिक जेल, पातळ थर. धातू, काच, चिनी माती: दोन ट्यूबचं अ‍ॅरल्डाइट, पण मागे प्लाय असेल तरच. ते पाणी उडून सुकत नाही, दोन घटकांच्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं, म्हणून दमट हवेने फार अडत नाही. दोन्ही समान घ्या आणि रंग एकसारखा होईपर्यंत घोटा. अर्धवट घोटलेलं कधीच पक्कं होत नाही. पूर्ण जोर यायला एक दिवस द्या, तोवर आडवं, वर वजन. मागे प्लाय लावणं शक्य नसेल तर कापडाबरोबर हलणारं काहीतरी हवं, आणि तिथे सिलिकॉन चालतं. ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, म्हणजे हा पावसाळ्यात खूष होणारा गडी. फक्त न्यूट्रल प्रकारचं मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं पितळ-तांब्याला खातं. आणि सिलिकॉनवर रंग बसत नाही, तेव्हा कडेने बाहेर येऊ देऊ नका.

वार्निश जुलै-ऑगस्टमध्ये मारूच नका. खालचा ओलावा कोंडला की ते दुधाळ होतं. नोव्हेंबरपर्यंत थांबा, कोणी पळवून नेत नाही.

थोडी बुरशी असेल तर कॅनव्हास गॅलरीत न्या, मास्क लावा, कोरड्या मऊ ब्रशने झटका, मागच्या कापडावरून स्पिरिटचं जेमतेम ओलं फडकं फिरवा. आधी रंगाच्या कोपऱ्यात स्पिरिट लावून बघा. ॲक्रिलिक रंग त्याने सुटू शकतो.

इथे थांबा

प्लास्टिकच्या परीक्षेत भिंतच गळते आहे असं दिसलं तर कॅनव्हासवर एक रुपया खर्च करू नका. सोसायटीला कळवा, वॉटरप्रूफिंगवाला किंवा प्लंबर बोलवा.

मागच्या लाकडावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. कॅनव्हास घराबाहेर काढा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला त्या भिंतीसकट सगळं दाखवा. बुरशी तळहातापेक्षा जास्त पसरली असेल किंवा घरात कोणाला दमा असेल तर स्वतः झटकू नका.

जुना कृष्णधवल फोटो, आजोबांचं शाईचं पत्र, ज्याची दुसरी प्रत नाही असं काहीही कॅनव्हासला चिकटलेलं असेल तर ते सोडवायचा प्रयत्न मीही करत नाही. त्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो, पाणी लागलं की तो फुगून चिकट होतो आणि चेहराच निघून येतो. मी फ्रेमवाला आहे, संवर्धक नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, विचारपूस तिथून सुरू करा.

आणि एक, जे कोणी सांगत नाही. जुन्या बाजारातल्या घड्याळांच्या डायलवर रात्री चमकणारे आकडे असतील आणि घड्याळ १९६० च्या दशकातलं किंवा त्याआधीचं असेल, तर त्या रंगात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी रेडियम जात नाही. असा डायल घासू नका, खरवडू नका, भोक पाडू नका. त्याची पूड श्वासातून जाणं वाईट. काच उघडी असेल तर पिशवीत बंद करा आणि कोलाजमधून बाद करा, कितीही देखणा असला तरी.

लालबागचा धोटा आता प्लायवर दोन तांब्याच्या तारांनी बसवलाय, भिंतही बदलली आहे. यंदाचा पाऊस सुरू झाल्यावर त्यांचा फोन आला. धोटा जागेवर आहे, पण बिल्ल्याच्या कडेला हिरवट दिसतंय. बिल्ल्याच्या पाठीला लॅकर मारायचं राहिलं होतं, आणि ते माझ्याकडूनच. म्हटलं, घेऊन या.